दऱ्या आणि दर्या

"आई, आधी रन तर कर!"

त्या वर्षी हे वाक्य मी रोज ऐकत होते. मुलगा १६ वर्षांचा, मी ४१ची. स्क्रीनवर बारा ओळींचा पायथॉन, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या एका भाषेतला कोड, आणि मी तो वाचत बसलेली. एकदा अर्थासाठी, एकदा फक्त कंसांसाठी, एकदा स्पेलिंगसाठी आणि शेवटी खालून वर, उलटा. उलटं वाचलं की मजकुराचा ओघ डोळ्यांना फसवत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. एवढं करूनही एंटर दाबताना हात आखडायचा. चूक निघाली तर?

निघायचीच. आणि निघाली की मला लाज वाटायची. खोलीत मुलाशिवाय कोणी नाही, त्याच्याही कानात हेडफोन, तरी वाटायची.

त्याआधीची १९ वर्षं मी प्रुफं तपासली. कथा-कादंबऱ्या, शब्दकोश, क्रमिक पुस्तकं, एक अख्खं वर्ष नुसती कायद्याची पुस्तकं. मुद्रितशोधनाचा हिशेब उफराटा असतो. पकडलेल्या चारशे चुका कोणालाच दिसत नाहीत, सुटलेली एक मात्र सगळ्यांना दिसते. छापून आलेलं पुस्तक मी उघडायचेच नाही. उघडलं की नेमकं तेच पान निघायचं, जिथे 'दिन'चा 'दीन' झालेला असायचा. फॉर्म छपाईला सोडला की खेळ संपला. त्यानंतर करण्यासारखं एकच उरतं, शुद्धिपत्र. म्हणजे आपल्या चुकांची यादी आपणच छापायची आणि पुस्तकात चिकटवायची. चुकीबद्दलची ही धास्ती उराशी धरून मी अशा कामात शिरू पाहत होते, जिथे माणसं दिवसातून पन्नास वेळा चुकतात आणि मधेमधे गाणी गुणगुणतात.

"सॉफ्टवेअरमध्ये कशी काय गेलीस?" असं विचारणाऱ्यांना एखादा साक्षात्काराचा क्षण ऐकायचा असतो. माझ्याकडे तसा काही नाही. माझ्याकडे 'रिप्लेस ऑल' होतं.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला संगणकात ठरावीक आकडा देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरी तिच्यात होती. पण छपाईच्या धंद्यात जुने फॉण्ट त्यानंतरही बरीच वर्षं चालले. त्या फॉण्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉण्ट बदलला की मजकुराचा पालापाचोळा. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला की तो चुकायचा, पण ठरावीक ठिकाणी चुकायचा. जुन्या फॉण्टांत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'कि'मधली वेलांटी आधी, क नंतर. 'सूर्य'मधला रफार य झाल्यावर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: क आधी, वेलांटी नंतर, आणि रफाराचा र य-च्या अगोदर. कन्व्हर्टरला ही सगळी उलथापालथ करावी लागते. जोडाक्षर जरा आडवळणाचं आलं की त्याचा तोल जातो आणि वेलांटी भलत्याच्याच डोक्यावर जाऊन बसते.

माझ्या एका वहीत अशा ६३ नेहमीच्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या लिहिलेल्या होत्या. नवीन पुस्तक आलं की वही उघडायची, एकेक चूक शोधायची, बदलायची. पुस्तक चारशे पानांचं असेल तर दोन दिवस यातच. एकदा डीटीपी करणारा एक मुलगा मागे उभा राहून हे बघत होता. तो म्हणाला, "मॅडम, याचा मॅक्रो का नाही करत?" मॅक्रो म्हणजे काय, हे मी त्याला विचारलं आणि त्याने पुढची वीस मिनिटं सांगितलं: पुन्हा पुन्हा करायची कामं एकदाच लिहून ठेवायची, मग ती संगणक आपोआप करतो. त्या वीस मिनिटांची भरपाई मी अजून केलेली नाही.

मॅक्रोवरून गाडी पायथॉनच्या एका छोट्या स्क्रिप्टवर गेली. पहिल्यांदा ६३च्या ६३ दुरुस्त्या डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झाल्या, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी फाइल तीनदा बंद करून उघडली. मग लक्षात आलं की काही ठिकाणी नवीनच घाण झाली आहे. १७वी दुरुस्ती ९वीच्या आधी चालली, तर ९वीला जे शोधायचं ते १७वीने आधीच बदलून टाकलेलं असतं. म्हणजे क्रमालाही अर्थ होता. तो क्रम लावण्यात माझा एक आठवडा गेला आणि खरं सांगते, इतका मजेचा आठवडा त्या आधीच्या कित्येक वर्षांत गेला नव्हता.

पुढचं थोडक्यात. काम लवकर होतंय हे एका प्रकाशकाच्या लक्षात आलं आणि त्यांनी पानामागचा दर कमी केला. मी दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी ठरवलं की, वेळ वाचवण्याच्या कामाचे पैसे मिळतात असा धंदा जगात कुठेतरी असणार.

शिकायला १४ महिने लागले. पहाटे साडेपाच ते साडेसात, कारण रात्री माझं डोकं दगड होतं. दिवसा प्रुफं चालूच. सगळे म्हणायचे, गणित जड जाईल. गणित फारसं लागलंच नाही. मला जड गेलं ते बरोबरचं चिन्ह. 'क्ष = क्ष + १' ही ओळ पहिल्यांदा पाहिली आणि माझा हात आपोआप समासात प्रश्नचिन्ह काढायला गेला. हे विधान उघड उघड खोटं आहे! ते विधान नाहीच, ती आज्ञा आहे, 'क्षमध्ये आता आधीपेक्षा एक जास्त ठेव' एवढंच तिचं म्हणणं, हे डोक्यात बसायला चार दिवस गेले. दुसरं म्हणजे शून्यापासून मोजणं. यादीतली पहिली वस्तू शून्य क्रमांकाची. एकोणीस वर्षं पान क्रमांक तपासलेल्या बाईला हे पटायला वेळ लागणारच.

विसरणं हा वेगळाच विषय. पंचविशीतली मुलं एकदा वाचतात आणि त्यांना आठवतं. मी तीनदा वाचते आणि मला एवढंच आठवतं की हे आपण कुठेतरी वाचलंय. यावर मी काही उपाय केला नाही. वही केली. ६३ दुरुस्त्यांच्या वहीची ही धाकटी बहीण. आजही ती टेबलावर असते आणि गिटमधली (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) चुकीची कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, मागे कशी घ्यायची ते पान सगळ्यात मळलेलं आहे.

याच काळात लोक मला प्रेरणादायी गोष्टी पाठवू लागले. जपानच्या मासाको वाकामिया यांची तर किमान सहा जणांनी पाठवली. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी २०१७ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, स्वतः लिहिलेलं आयफोनचं ॲप बाजारात आणलं. मला त्यांच्याविषयी आदर आहे, मनापासून. पण त्यांना कुठे इंटरव्ह्यू द्यायचा होता? मला द्यायचे होते. ग्रेस हॉपर जवळच्या वाटल्या. गणिताच्या प्राध्यापक. महायुद्धात आरमारात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये ३७व्या वर्षी हार्वर्डच्या मार्क वन यंत्रापाशी पोचल्या. आधी कधी संगणक पाहिलेलाच नव्हता, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता, कारण पाहायला संगणक होतेच कुठे! त्यांच्या नावावर खपणारी बगची गोष्ट मात्र माझ्यातल्या मुद्रितशोधकाला सहन होत नाही. १९४७ मध्ये मार्क टू यंत्राच्या रिलेत एक पाखरू सापडलं, ते नोंदवहीत चिकटवलं आणि तेव्हापासून प्रोग्रॅममधल्या चुकीला 'बग', म्हणजे किडा, हा शब्द आला, असं सांगतात. त्या नोंदीत शब्द आहेत ते असे, की बग 'प्रत्यक्ष' सापडल्याची ही पहिलीच वेळ. हा 'प्रत्यक्ष' वाचा ना जरा. शब्द आधीपासून चालू होता म्हणूनच तर त्या नोंदीत गंमत आहे.

पण मला खरा धीर दिला तो संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी. १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. तोवर छपाई खिळ्यांवरून फोटोटाइपसेटिंगवर गेली होती आणि ती पानं त्यांना इतकी कुरूप वाटली, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तीच 'टेक'. थोड्या काळात उरकेल असं वाटलेलं काम दशकभर पुरलं. प्रुफं बघून चिडलेला माणूस! मी त्या गृहस्थांच्या प्रेमातच पडले. पुढे कळलं की आपल्या पुस्तकांतली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलर देत आले आहेत. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांच्या भाषेत एक डॉलर. २००८ पर्यंत ते खरे धनादेश द्यायचे, आणि बरेच लोक ते वटवत नसत, चौकटीत लावत. आणि टेक लिहिताना स्वतः केलेल्या चुकांची तपशीलवार नोंद ठेवून ती त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. कोणती चूक, कोणत्या प्रकारची, सगळं. हेही शुद्धिपत्रच, पण मान खाली घालून लिहिलेलं नाही. मी ते वाचून रात्री उशिरापर्यंत जागी होते. एका रात्रीत स्वभाव बदलला असं म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी बारा ओळी तीनदाच वाचल्या.

अर्ज केले ७३. इंटरव्ह्यू झाले नऊ. बहुतेक ठिकाणी उत्तरही आलं नाही आणि त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, लिहिण्यासारखं काही नाहीच. एका ठिकाणी विचारलं, "वयाने लहान असलेल्यांनी तुमच्या चुका दाखवल्या तर जड जाईल का?" मी म्हटलं, "मी १९ वर्षं मोठमोठ्या लेखकांना त्यांच्या चुका दाखवत आलेय. जड कसं जातं ते मला चांगलं माहीत आहे." सगळे हसले. नोकरी मिळाली नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी फळ्यावर बायनरी सर्च लिहायला सांगितलं. क्रमवार यादी, मधली वस्तू बघायची, हवी ती आधी असेल तर नंतरचा अर्धा भाग सोडून द्यायचा, आणि असंच पुढे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो, मी आयुष्यभर करत आले. लिहिताना मात्र शेवटच्या घरात एकाने चुकले आणि सगळं फिरत राहिलं. घरी येऊन त्याबद्दल आणखी वाचलं. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातल्या, बायनरी सर्चमध्येच सुमारे नऊ वर्षं एक चूक बसून होती, २००६ मध्ये ती उघड झाली. मधलं घर काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून निम्मं करायचं, बस. पण यादी प्रचंड मोठी असेल तर ती बेरीज पूर्णांकाच्या डब्यात मावत नाही आणि उत्तर उणे होतं. इतकी वर्षं, इतक्या माणसांनी वाचलेल्या ओळीत! माझ्या आतला कुठलासा स्क्रू त्या दिवशी ढिला झाला.

शेवटी नोकरी मिळाली ती टेस्टरची. संस्थांसाठी अर्ज आणि नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. देवनागरी मजकूर नीट दिसतो का, हे बघायला माणूस हवा होता. आठ महिन्यांनी डेव्हलपर केलं. पगार माझ्या शेजारी बसणाऱ्या २३ वर्षांच्या मुलापेक्षा कमी होता आणि हे मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं, त्यामुळे तो माझ्याशी विनाकारण फार चांगला वागायचा.

पहिल्याच कोड रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, मी ६१ शेरे लिहिले. लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, २७ वर्षांचा. दोन आठवडे मला 'मॅडम' म्हणत होता, त्या दिवशी पहिल्यांदा 'ताई' म्हणाला. "ताई, यातले पन्नास लिंटरचं काम आहे." लिंटर म्हणजे कोडमधली शिस्त तपासणारा प्रोग्रॅम. मोकळी जागा जास्त, कंस चुकीच्या ओळीवर, नावाची पद्धत वेगळी, हे सगळं तो क्षणात दाखवतो. माझा चेहरा पडला. एकोणीस वर्षांची कमाई एका फुकटच्या प्रोग्रॅमने गिळली होती. मग तो म्हणाला, "उरलेल्या अकरांपैकी तीन मात्र कोणाच्या बापाला सापडल्या नसत्या." त्यातली एक साधीच होती. दोन वेगवेगळ्या फाइलींत 'दिनांक' या रकान्याचा अर्थ वेगळा होता, एकीकडे अर्ज भरल्याचा दिवस, दुसरीकडे मंजुरीचा. शब्द तोच असताना अर्थ सरकला की मला टोचतं. लेखक तिसऱ्या प्रकरणात आत्याला मावशी करतात, तेव्हा टोचायचं तसंच.

कोड चालवण्याआधी माणसांनी एकत्र बसून ओळ न् ओळ वाचायची, ही पद्धत १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी रीतसर मांडली. हे समजल्यावर मी मुलाला लगेच सांगितलं. "बघ, आधी वाचायचं असतं." तो म्हणाला, "आई, १९७६."

आता मुख्य गोष्ट.

तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, साधं होतं. 'पाटील' शोधलं तर चार नोंदी सापडतात, यादीत मात्र पाच दिसतात. पाचवा पाटील मी स्क्रीनवर मोठा करून पाहिला. प वर काना, ट ला दुसरी वेलांटी, ल. निर्दोष. प्रुफात मी त्याला सोडलाच असता. मग त्याचे युनिकोड आकडे काढून पाहिले तर शेवटी एक जादा चिन्ह निघालं, ज्याची रुंदी शून्य. कुठून तरी कॉपी करून चिकटवताना सोबत आलेलं. डोळ्यांना न दिसणारी छपाईची चूक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. म्हणजे पाहत नव्हतेच.

एक ओळ लिहिली: शून्य रुंदीची सगळी चिन्हं काढून टाक. पाचवा पाटील सापडला. टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम, हिरव्या, म्हणजे पास. रिव्ह्यूमध्ये लीडने 'मस्त, स्वच्छ' असं लिहिलं. मग मी आणखी शहाणपणा केला. जुन्या नोंदींतही हा कचरा असणार, म्हणून तीच ओळ सगळ्या डेटाबेसवरून फिरवली. गुरुवारी.

सोमवारी कोणीतरी एका यादीचा प्रिंट काढला होता. टेबलावर पडला होता, मी जाता जाता नजर टाकली आणि थबकले. कर्हाडे. चार ओळी खाली वर्हाडे. रफार! या नावांत रफार कुठून आला?

मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक काय, ते सांगायला नको. पहिले शिकवतात, दुसरे स्वयंपाक करतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. हा दुसरा, आडव्या र-चा 'ऱ्य', डोळ्यांना एकच दिसतो, पण संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. (या 'तऱ्हां'तही तोच आहे.) स्वतंत्र 'ऱ', त्याला हलन्त, मग य. किंवा साधा र, त्याखाली नुक्ता (खालचं टिंब), मग हलन्त आणि य. किंवा साधा र, हलन्त, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, मग य. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोड एकच मानतं, नॉर्मलायझेशनचं फंक्शन चालवलं की त्या जुळतात. तिसरी जुळत नाही. तिच्यात तो र रफार होऊन य-च्या डोक्यावर चढत नाही, याचं एकमेव कारण ते मधलं अदृश्य चिन्ह.

तेच मी कचरा म्हणून झाडून टाकलं होतं.

४१२ नोंदी. ज्या बाईने १९ वर्षं रफार मोजले, तिने एका ओळीत ४१२ नावं अशुद्ध केली, आणि तीही लोकांची आडनावं. मला छातीत धस्स झालं. मी उठून लीडकडे गेले आणि म्हटलं, "माझी चूक आहे." तो प्रिंट बघत होता. म्हणाला, "ते गिटमध्ये दिसतंय. पुढे?"

मी या 'पुढे?'वर बराच विचार केला आहे. माझ्या आधीच्या धंद्यात कबुलीनंतर काही पुढे नव्हतं. कबुली दिली, मान खाली घातली, की प्रकरण मिटलं. इथे कबुलीला कोणी भाव देईना. दुपारच्या बैठकीत 'कोणी केलं' असं एकदाही विचारलं गेलं नाही. विचारलं ते असं: हे अडवायला काहीच कसं नव्हतं? देवनागरी नावांची टेस्ट कुठे आहे? सगळ्या नोंदींवर ओळ फिरवण्याआधी आणि नंतर काय बदललं, याची यादी का काढली नाही? रिव्ह्यू करणाऱ्याला हे कसं कळलं असतं? प्रश्न सौम्य नव्हते, शेवटचा तर लीडने स्वतःलाच विचारला. पण त्यांतला एकही प्रश्न माझ्याकडे बोट करून विचारलेला नव्हता. मला ते इतकं अनोळखी होतं, की आधी वाटलं, हे लोक निष्काळजी आहेत.

जुन्या नोंदी बॅकअपमधून आल्या. गुरुवार ते सोमवार या दिवसांत नव्याने भरलेल्या नोंदींचं मात्र काय करायचं? त्यांचं अदृश्य चिन्ह साठवतानाच गेलेलं, बॅकअपमध्ये ते असणार कुठून? कोणीतरी सुचवलं, सगळीकडे 'र्ह'चा 'ऱ्ह' आणि 'र्य'चा 'ऱ्य' करून टाकू. मी जवळजवळ ओरडलेच. मग 'सूर्यवंशी'चं काय? 'आर्या'चं काय? 'अर्हता' रकान्याचं काय? कोणता रफार मूळचा आणि कोणता माझ्या ओळीने चढवलेला, हे सांगेल असा नियम नाही. माणसाने वाचायला हवं.

तर मी प्रिंट काढला. १३८ नावं. लाल पेन घेतलं, पट्टी ठेवली आणि ओळीमागून ओळ वाचली. एकदा सरळ, एकदा उलटी. आजूबाजूला सगळे टाइप करत होते आणि मी समासात खुणा करत होते. शेजारचा २३ वर्षांचा मुलगा खुर्ची सरकवून बघायला आला. रफार काढण्याची खूण त्याला फार आवडली, त्याने फोटो काढला. नऊ नावं सापडली. दोघांना फोन करून विचारावं लागलं.

त्या संध्याकाळी मी टेस्ट लिहिली. तिच्यात 'दऱ्या' हा शब्द तीनदा आहे, तिन्ही तऱ्हांनी साठवलेला, आणि अट एवढीच, की त्यातल्या एकाचाही 'दर्या' होता कामा नये. टेस्टला मी जे नाव दिलं ते इथे सांगत नाही, लीडने ते नंतर बदलायला लावलं.

अलीकडे टीममध्ये बराच कोड एआयकडून लिहून घेतात. लोक मला विचारतात की या वयात शिकलीस आणि आता हे आलं, वाईट नाही वाटत? वाटतं कधीकधी. पण तो कोड वाचताना मला जुने दिवस आठवतात. सफाईदार, आत्मविश्वासाने लिहिलेला, कुठेही न अडखळणारा मजकूर आणि मधेच आत्याची मावशी. असा मजकूर लिहिणाऱ्या लेखकांची प्रुफं मला नेहमी जास्त वेळ लागायची. अडखळत लिहिणाऱ्यांच्या चुका ठळक असतात.

मी अजूनही एंटर दाबण्याआधी एकदा वाचते. फक्त एकदा. मुलगा आता कॉलेजात आहे, सिव्हिल करतोय, कोड त्याला कंटाळवाणा वाटतो.

गेल्या महिन्यात एक नवीन मुलगा आला. पहिल्या आठवड्यात त्याने जुन्या टेस्टची साफसफाई करणारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधले बदल मंजुरीसाठी, पाठवली. माझ्या टेस्टमधल्या दोन ओळी त्याने काढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, "ताई, या तिन्ही ओळी सारख्याच आहेत, म्हणून दोन काढल्या."

मी लिहिलं, "दिसतात. लांबी मोज."

पाच मिनिटांनी उत्तर आलं: ५, ६, ६. पुढे तीन उद्गारचिन्हं. त्यातली दोन मी मनातल्या मनात काढली.